कंदीलपुष्पाची नवी जात ठरते तरी कशी?

पठारवेडी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न आहे, इथे वनस्पतीवाले बरेच जण आहेत म्हणून विचारते. कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया, आपल्या सह्याद्रीत किती प्रकारचं आहे हे ज्यांनी पावसाळ्यात डोंगर पालथे घातलेत त्यांना सांगायला नको. यंदा एका पठाराच्या कडेला गवतात एक उभं वाढणारं रोप दिसलं, वेल नव्हता. फूल पिवळट हिरवं, तळाच्या फुगीर भागावर आतून जांभळे पट्टे, पाकळ्यांची टोकं वर जुळलेली. माझ्याकडच्या पुस्तकात दोन-तीन जाती जवळपास जातात पण नेमकी एकही बसत नाही. देठावर लव आहे, पुस्तकात गुळगुळीत लिहिलंय. नळीची लांबीसुद्धा जुळत नाही.

दरवर्षी पेपरात बातमी येते की अमुक गडावर नवी जात सापडली. मग माझा प्रश्न असा, की किती फरक असला म्हणजे नवी जात म्हणायचं? लव असणं पुरे आहे का? आणि हे ठरवतं कोण? फोटो खाली देतेय, ठिकाण [संपादित]

भटक्या_७
फोटो जबरदस्त! पाकळ्यांच्या आतल्या कडेचे केससुद्धा दिसतायत. नवीन निघाली तर नाव द्यायला इथेच मतदान घ्या :)

खारीचा_वाटा
पहिलं काम, ठिकाण काढा. ताई, मनापासून सांगतो, राग मानू नका. संपादक मंडळींना पण विनंती. कंदीलपुष्पाला खाली कंद असतो आणि तो कंद उकरून नेणारे लोक आहेत, काही खायला, काही कुंडीत लावायला, काही चक्क विकायला. एखाद्या जातीची सगळी मिळून चार-पाचशे झाडं एकाच डोंगरावर असतील तर एका पिशवीत किती गेली याचा विचार करा. फोटोत मागे बुरूज वगैरे दिसत असेल तर तोही कापून टाका. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाचे आकडे लपलेले असतात, तेसुद्धा काढून मगच चढवत जा.

संपादक
ठिकाण काढलं आहे. पहिला फोटोही कापून पुन्हा चढवला आहे.

पठारवेडी
धन्यवाद खारीचा वाटा. यापुढे फक्त जिल्हा लिहीन.

सह्यपान
पठारवेडी, प्रश्न चांगला आहे आणि उत्तर लांबलचक आहे. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

एका फुलाच्या एका फोटोवरून काहीच ठरत नाही. लव, नळीची लांबी, रंग या तिन्ही गोष्टी सेरोपेजियात फार हलत्या आहेत. साधी हमण घ्या, सेरोपेजिया हिरसुटा. एकाच टेकडीवरच्या हमणीची फुलं शेजारी ठेवलीत तर एकीवर जांभळे ठिपके भरगच्च आणि दुसरीवर जवळजवळ नाहीतच असं दिसेल. उन्हातलं रोप आणि कारवीच्या सावलीतलं रोप यांची पानं तर वेगळी वाटतातच. त्यामुळे पहिला नियम, त्या जागेवरची जमतील तितकी रोपं बघा आणि प्रत्येकाचं माप घ्या. सगळ्या रोपांत तोच फरक सातत्याने दिसत असेल, मधल्या मापाची रोपं मिळत नसतील, आणि एकापेक्षा जास्त लक्षणं एकत्र बदलत असतील, तर पुढे जायला अर्थ आहे. नुसती लव बदलली आणि बाकी सगळं तसंच, तर मी तरी थांबेन.

दुसरं, बाहेरून दिसणारं फूल म्हणजे अर्धी ओळख. खरी लक्षणं आत आहेत. फूल उभं चिरा. तळाच्या फुगीर भागात मधोमध एक इवला मुकुट असतो, त्याला कोरोना म्हणतात. त्याची बाहेरची वाटी किती खोल, तिची कडा दातेरी की नुसती खाचेची, कडेवर केस आहेत का, आतल्या पाच पट्ट्या सरळ उभ्या की टोकाला वाकलेल्या, आणि परागांच्या पोटल्या, म्हणजे पोलिनिया, कशा आकाराच्या. जुन्या जातींशी तुलना होते ती या पातळीवर. दहापट दिसणारं भिंग असेल तरी बरंच कळतं, पण जातीचं वर्णन करायचं तर मायक्रोस्कोप हवाच.

मीनू_ठाणे
वाचतेय. हे काहीच माहीत नव्हतं. ते फूल आत किडे अडकवतं म्हणतात ते खरं आहे का? घटपर्णीसारखं खातं का ते?

करवंद
खात नाही मीनू, फक्त मुक्कामाला ठेवतं. नळीच्या आतून केस असतात, ते खालच्या दिशेला वळलेले. वासाने ओढली गेलेली बारीक माशी किंवा चिलट घसरत खाली जातं आणि केसांमुळे परत वर येता येत नाही. खाली फिरताना परागांची पोटली तिच्या तोंडाच्या सोंडेला चिकटते. साधारण एखाद्या दिवसाने ते केस मऊ पडतात, फूल कलतं, आणि माशी पोटली घेऊन बाहेर. मग तीच माशी पुन्हा दुसऱ्या फुलात फसली की काम झालं.

वासाची गंमत तर अजून पुढची आहे. दक्षिण आफ्रिकेत सेरोपेजिया सँडरसोनी नावाची जात आहे, २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तिच्या फुलाचा वास जखमी मधमाशीच्या वासासारखा असतो. कोळ्याने पकडलेल्या मधमाशीवर ताव मारायला येणाऱ्या माश्या त्या वासाला फसतात. आपल्या सह्याद्रीतल्या जातींवर असं काम कुणी हाती घेतलं तर मजा येईल.

जर्सीकर
थांबा थांबा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक लोंबती वेल आहे, हृदयासारखी जाडसर पानं, इथे सगळ्या नर्सऱ्यांत मिळते. तिच्या लेबलवर सेरोपेजिया वुडी लिहिलंय. आणि फुलं खरंच अशीच, खाली फुगा आणि वर नळी, पण जेमतेम दोन सेंटिमीटरची. ही तीच का?

करवंद
हो, त्याच प्रजातीतली, म्हणजे जवळच्या जातींच्या त्याच गटातली, मूळची दक्षिण आफ्रिकेची. पुढच्या वेळी फूल गळून पडलं की ब्लेडने उभं चिरा आणि भिंगातून बघा. सह्यपान सर सांगतायत तो मुकुट घरबसल्या दिसेल.

जर्सीकर
आज संध्याकाळीच! लेकीला शाळेच्या प्रोजेक्टला विषय मिळाला.

तांबडी_माती
मला एक वेगळंच म्हणायचंय आणि थोडं कडू वाटेल. हल्ली नव्या जाती फार निघतात असं नाही वाटत का? दोन केस कमी-जास्त, की आली नवी जात, की आला पेपर, म्हणजे शोधनिबंध, की आली बातमी. संशोधन करणाऱ्यांना पेपरांची संख्या लागते, बढती त्यावर असते, हे सगळ्यांना माहीत आहे. उद्या कुणीतरी बसून त्यातल्या निम्म्या पुन्हा जुन्यात विलीन करेल. मग त्या मधल्या वर्षांत आपण काय वाचलं?

सह्यपान
तांबडी माती, शंका रास्त आहे, पण एका दमात सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका. विलीन होणं, पुन्हा वेगळं होणं, हे या शास्त्राचं रोजचं काम आहे. हूबर नावाच्या जर्मन अभ्यासकाने १९५७ मध्ये या प्रजातीचा मोठा आढावा घेतला. त्याने एका झाडाला दुसऱ्या जातीतला नुसता प्रकार मानलं होतं, ते अन्सारींनी तपासून सेरोपेजिया मीडिया अशी स्वतंत्र जात केली. आणि अन्सारींनी त्याच हूबरच्या नावाने सेरोपेजिया हूबेरी ही जातही केली. मतभेद असूनही मान द्यायचा तो दिला. एम. वाय. अन्सारी हे आपल्या पुण्याच्या बीएसआयमधले, म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षणातले, त्यांचं १९८४ चं भारतातल्या सेरोपेजियावरचं पुस्तक आजही हाताशी ठेवल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

आणि खरं सांगायचं तर सह्याद्रीत नव्या जाती निघतात त्या मुळात तिथे आहेत म्हणून. हा डोंगर असा आहे की प्रत्येक पठार वेगळं तुटलेलं, मधे खोल दऱ्या, पठारावर मातीचा पातळ थर, चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं. सेरोपेजियाचं बी म्हातारीसारखं कापूस लावून उडतं खरं, पण रुजायला नेमकी जागा लागते. त्यामुळे एकेका डोंगरापुरती जात तयार व्हायला वाव आहे. अंजनेरीची सेरोपेजिया अंजनेरिका बघा, २००६ साली वर्णन झालं. नाशिकच्या इतक्या जवळ, लोक शेकडो वर्षं चढतायत, आणि तरी शास्त्राच्या वहीत नोंद नव्हती.

तांबडी_माती
मान्य, अंजनेरिकाबद्दल वाद नाही. माझा राग घाईघाईत केलेल्या कामावर आहे. दोन वाळलेली शीटं, म्हणजे कागदावर चिकटवलेली रोपं, आणि एक सुंदर फोटो एवढ्यावर पेपर निघू नये इतकंच.

करवंद
तांबडी माती यांच्याशी अर्धी सहमत. मी गेंदावर काम करते, म्हणजे एरिओकॉलॉन, पावसाळ्यात पठारावर पांढऱ्या गोळ्या डोलतात ते. तुम्हाला सेरोपेजियात फूल तरी दिसतं! गेंदाच्या एका गोळीत डझनावारी इवली फुलं, एकेक सुईने सुटं करायचं, पाकळ्या दोन का तीन, केस कुठे, बीच्या सालीवर नक्षी कशी. मैदानात उभं राहून ओळखणं जवळपास अशक्य. २०२१ मध्ये पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या मंडळींनी दोन नव्या गेंदांची माहिती दिली, एक सिंधुदुर्गातला पार्व्हिसेफालम आणि एक कारवारकडच्या किनाऱ्यावरचा कारावलेन्से. दिसायला बाकीच्यांसारखेच. वरवर सारखं दिसतं म्हणून जर आधीच्या लोकांनी एकाच नावाखाली टाकून दिलं असेल, तर ते चुकीचं एकत्रीकरणही तेवढंच नुकसान करतं. संवर्धनाचं सगळं गणित नावावर चालतं. नाव नाही तर धोक्यात आहे हे कागदावर येणार कसं?

वाईची_आजी
मुलांनो, तुम्ही फूल चिरून बघताय, आम्ही कंद खाल्लेत. आमच्या लहानपणी गुराखी पोरं खरपुडी उकरून आणायची, सोलून कच्चीच खायची, थोडी गोडसर, पाणीदार, चावली की करकर वाजायची. आई ओरडायची की सगळी काढू नका, एखादी ठेवा. कुठली जात ते आम्हाला काय ठाऊक, वेल असेल ती खरपुडी एवढंच. आता माझ्या नातवाला दाखवायला गेले तर ती जागाच सापडत नाही, तिथे बंगले झाले.

खारीचा_वाटा
आजी, नमस्कार. तुमच्या आईचं म्हणणं आजच्या कुठल्याही संवर्धन आराखड्यात जसंच्या तसं घालावं. रानडुक्कर आणि साळिंदरसुद्धा कंद उकरतात, पण त्यांचं सगळ्या डोंगराशी जमलेलं असतं.

भटक्या_७
आजी, चवीचं वर्णन वाचून भूक लागली हो. कंद खाणार नाही, काळजी नसावी, वाईला आलो तर तुमच्याकडे पिठलं भाकरी :)

वाईची_आजी
ये की रे. ठेचा पण करते.

पठारवेडी
सर, समजा सगळी मापं घेतली आणि फरक ठाम निघाला. मग पुढे काय? मी पेपर लिहिणारी नाही, शाळेत शिकवते. पण प्रक्रिया समजून घ्यायची आहे.

सह्यपान
पुढची पायरी म्हणजे टाइप बघणं. प्रत्येक जातीच्या नावाला एक वाळवलेला नमुना बांधलेला असतो, त्याला टाइप म्हणतात. पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून भागत नाही, कारण पुस्तकं एकमेकांवरून उतरवलेली असतात आणि चूकही तशीच उतरते. तुमच्या रोपाची तुलना त्या मूळ नमुन्याशी करायची. हे नमुने कुठे असतात? आपल्याकडे पुण्याला बीएसआयच्या पश्चिम विभागात, आघारकर संस्थेत, मुंबईला सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह), कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. इंग्रजांच्या काळातले बरेच लंडनला क्यूच्या वनस्पती उद्यानात. पूर्वी तिकडे पत्र पाठवून वाट बघायची, आता पुष्कळ शीटं स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत, त्यामुळे एक मोठी अडचण गेली. तरी स्कॅनमध्ये मुकुटाच्या आतलं दिसत नाही, त्याला नमुना हातात घ्यावाच लागतो.

मग लेख. नाव वैध व्हायला नियमावली आहे, साधारण दर सहा वर्षांनी वनस्पतीशास्त्रज्ञांच्या जागतिक परिषदेत सुधारते. लॅटिन वर्णनाची सक्ती २०१२ पासून गेली, इंग्रजीतही चालतं. टाइप कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला ते लिहावंच लागतं. नुसता फोटो किंवा चित्र टाइप म्हणून २००७ पासून चालत नाही, अगदी अपवाद सोडले तर. आणि आपल्या देशात जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नवी जात सापडली की नेमून दिलेल्या संस्थेला कळवणं आणि तिथे नमुना जमा करणं बंधनकारक आहे. वनखात्याच्या जमिनीवरून नमुना घ्यायचा तर आधी लेखी परवानगी. फेसबुकवर टाकलेलं नाव म्हणजे काहीच नाही.

भटक्या_७
आणि नाव? आजीच्या नावाने ठेवता येतं का? गंभीरपणे विचारतोय.

सह्यपान
येतं. स्त्रीच्या नावाला शेवटी साधारण ए लागतो, पुरुषाच्या नावाला ई, आणि जागेवरून असेल तर एन्सिस. स्वतःचं नाव स्वतःच देऊ नये असा नियम नाही, पण तो शिष्टाचार सगळे पाळतात. आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांची नावं एकापाठोपाठ वाचली तरी इथल्या वनस्पतीशास्त्राचा इतिहास समोर येतो. लॉई ती जॉन लॉ या मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्याची, ब्रिटिश वनस्पतीतज्ज्ञ हूकरने वर्णन केलेली, नंतर कित्येक वर्षं कुणाला दिसलीच नाही आणि पुढे हरिश्चंद्रगडावर पुन्हा मिळाली. पाचगणीएन्सिस ती ब्लॅटर आणि मॅकॅन यांनी १९३१ ला दिलेली, मग त्याच मॅकॅनच्या नावाने मॅकॅनी. सांतापावी ती झेवियर्सचे फादर सांतापाव, जे पुढे बीएसआयचे प्रमुख झाले. महाबळेई ती पुणे विद्यापीठाचे प्रा. महाबळे यांची. जैनी, आदिवासींच्या वनस्पतीज्ञानावर काम केलेले एस. के. जैन. मोहनरामी दिल्लीचे प्रा. मोहन राम. सह्याद्रिका, कोकणेन्सिस या जागेच्या. आणि अलीकडची शिवरायियाना, विशाळगडावरची, महाराजांच्या नावाने.

मीनू_ठाणे
शिवरायियानाची बातमी वाचली होती! तेव्हा वाटलं होतं की नुसतं नाव दिलंय. आता कळलं मागे किती काम असतं.

कोकणचो_झील
आमच्या सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, पण आहेत ही कंदीलपुष्पं, आणि सड्यांकडे कुणी बघत नाही. घाटावरच्या पठाराला पर्यटक मिळतात, फुलांचा हंगाम म्हणून तिकीट लावतात. सड्याला लोक पडीक म्हणतात. वर्षातले आठ महिने काळा कातळ दिसतो म्हणून पडीक, पण पावसात येऊन बघा, कातळाच्या खाचेत पाणी, त्यात गेंद, सीतेची आसवं, कडेला मातीत कंदीलपुष्प. आमच्या गावाशेजारच्या सड्यावर चिरेखाण सुरू झाली, अर्धा सडा गेला. तिथे काय काय होतं याची एक ओळ कुठे नाही. तांबडी माती म्हणतात नव्या जाती फार निघतात, मी म्हणतो फार म्हणजे कुठे, आमच्याकडे तर कुणी आलंच नाही.

तांबडी_माती
झील, हे तुझं म्हणणं मला पटलं. खाणीचं वाचून वाईट वाटलं. माझं म्हणणं मागे घेत नाही, पण त्याला जोडून हेही लिहितो, की घाईचं काम आणि न केलेलं काम यात न केलेलं जास्त महाग पडतं.

निवडुंग
एक बाजूची शंका. माकडशिंगी आणि शिवनेरीची शिंदळ माकुडी पण आता सेरोपेजियात गेली म्हणे? कुणीतरी सांगितलं आणि मी हसलो. जाड खोडाचं झाड आणि नाजूक वेल एका घरात?

करवंद
हसू नका, खरंच तसा प्रस्ताव आहे. २०१७ मध्ये ब्रॉइन्स आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधाराने दाखवलं की जुनं सेरोपेजिया म्हणजे एका कुळाच्या विखुरलेल्या फांद्या आहेत, आणि मधेमधे ब्रॅकिस्टेल्मा ही दुसरी प्रजाती आणि ती जाड खोडाची सगळी मंडळी घुसलेली आहेत. मग त्यांनी सगळ्यांनाच सेरोपेजियात घेतलं, त्यामुळे प्रजातीतल्या जातींची संख्या एकदम सातशेच्या वर गेली. दुसऱ्या गटाला हे मान्य नाही, ते म्हणतात सेरोपेजियाचे तुकडे करा पण बाकीच्यांना वेगळं राहू द्या. त्यामुळे शिंदळ माकुडी कुठे फ्रेरिया, कुठे बाउसेरोशिया, कुठे सेरोपेजिया दिसेल. डाल्झेलने १८६५ ला मुंबईचा गव्हर्नर फ्रेअर याच्या नावाने जी फ्रेरिया इंडिका केली, ती झाड म्हणून आहे तिथेच आहे, कड्याच्या कपारीत.

निवडुंग
मग डीएनएनेच सगळं ठरवा ना, मापं कशाला?

करवंद
कारण डीएनए नातं सांगतो, रेषा कुठे मारायची ते सांगत नाही. जवळच्या, नुकत्या वेगळ्या झालेल्या जातींत नेहमी वापरतात त्या तुकड्यांमध्ये फरक फार थोडा असतो. तो आधार म्हणून घ्या, पण झाड बघून, फूल चिरून, पाच-सहा ठिकाणची रोपं ताडून जो निर्णय होतो त्याची जागा तो घेत नाही. शिवाय शंभर वर्षांपूर्वीच्या टाइपमधून डीएनए मिळेलच असं नाही, आणि टाइप शीटचा तुकडा तोडायला कुणी सहजासहजी देतही नाही, ते बरोबरच आहे.

पठारवेडी
सर, मी काल पुन्हा गेले होते. कंद उकरला नाही, रोप तोडलं नाही. जमतील तितक्या रोपांची मापं घेतली, पट्टी लावून फोटो काढले. गळून पडलेली दोन फुलं मिळाली, घरी आणून चिरली. देठावरची लव सगळ्या रोपांना आहे, एकालाही गुळगुळीत देठ नाही. नळीची लांबी मात्र हलते, लहान-मोठी दोन्ही आहेत. मुकुटाची बाहेरची वाटी उथळ, कडेला जोडीजोडीने दात, दातांवर पांढरे केस. एका फुलात मेलेलं चिलट होतं आणि त्याच्या तोंडाला दोन पिवळे ठिपके चिकटलेले! भिंगातून बघताना मी ओरडले, घरातले धावत आले.

करवंद
वा!! ते पोलिनिया. त्या चिलटाला टाकू नका, छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा, तारीख आणि जिल्हा पेन्सिलीने कागदावर लिहून तो कागद आतच टाका. पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते. फुलंही तशीच, दाबून वाळवली तर मुकुट चपटा होऊन काही कळत नाही.

सह्यपान
उत्तम काम. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. लव सातत्याने आहे, नळी हलती आहे, मुकुट तुम्ही म्हणता तसा. म्हणजे नळीची लांबी हे लक्षण बाद, लव आणि मुकुट उरतात. मुकुटाचे दात आणि केस तुमच्या पुस्तकातल्या ज्या जातीच्या जवळ जातात तिच्या टाइपशी ताडायला हवेत. माझा अंदाज विचाराल तर मी ही जुन्याच जातीची लवदार शाखा असावी असं म्हणेन. पण अंदाजावर कुणी नाव ठेवू नये आणि कुणी नाकारूही नये. तुमची मापं आणि फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, ठिकाणासकट. सेरोपेजियावर काम करणाऱ्या माणसांपर्यंत पोचवतो. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या बागेत सह्याद्रीतल्या बऱ्याच जाती जिवंत जपल्या आहेत, तिथे शेजारी ठेवून बघता येतं. ते परवानगी काढून रीतसर नमुना घेतील. आणि पुढे लेख निघाला तर पहिली नोंद तुमची आहे हे त्यात यायला हवं, ते मी बघतो.

पठारवेडी
पाठवते सर आजच. जुनी जात निघाली तरी मला चालेल, नवी ठिकाणनोंद तर होईल.

खारीचा_वाटा
हो, आणि ती छोटी गोष्ट नाही. एकाच डोंगरावर आहे असं मानलेली जात दुसऱ्या डोंगरावर मिळाली तर तिचं भवितव्य बदलतं.

कोकणचो_झील
सर, आमच्या उरलेल्या सड्यासाठी काही करता येईल का? मी वनस्पतीवाला नाही, फोटो काढू शकतो.

सह्यपान
येईल. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या पंचायतीत जाऊन ती वही बघायला मागा. सड्याचं पान कोरं असेल तर समितीच्या बैठकीत विषय मांडून भरून घ्या. झाडाचं शास्त्रीय नाव माहीत नसेल तर गावातलं नाव, फोटो, महिना आणि सड्याचा गट नंबर एवढं पुरे, ओळख नंतर करता येते. जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा, कारण सड्यावरची फुलं पाळीपाळीने येतात, एकाच फेरीत सगळी दिसत नाहीत.

कोकणचो_झील
सोमवारी पंचायतीत जातो. कोण येतला हा बरोबर?

करवंद
मी येते. गेंद माझे, कंदीलपुष्प तुझी. गट नंबरचा सातबारा आधी काढून ठेव, तलाठी ऑफिसला शनिवारी सुट्टी असते.